अभ्यासिकेचं वायफाय: दुपारी दोननंतर येणाऱ्या मुलांना आयपीच मिळत नाही, प्रत्येकाला कायमचा आयपी कसा बांधून द्यायचा?

अभ्यासिकावाली

नमस्कार. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमची अभ्यासिका आहे, दोन मजले मिळून ८४ खुर्च्या, सकाळी ६ ते २ एक बॅच आणि २ ते १० दुसरी. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक सगळ्याची तयारी करणारी मुलंमुली येतात, बरीचशी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडची, इथे तिघाचौघांत खोली करून राहणारी. मोबाईलचा डेटा त्यांना दिवसभर पुरत नाही म्हणून वायफाय फीमध्येच ठेवलंय आणि ते मला बंद करायचं नाहीये, हे आधीच सांगते कारण मागे ओळखीत विचारलं तर दोघांनी सरळ काढूनच टाका म्हणून सांगितलं.

अडचण अशी की सकाळची बॅच एकदम निवांत चालते. दोनची बॅच आली की निम्म्या मुलांचं नेट लागत नाही. रेंज फुल दाखवतं, पासवर्ड बरोबर आहे, पण फोनवर नुसतं आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला फोनचा पत्ता) मिळवत आहे असं फिरत राहतं आणि सोडून देतं. लॅपटॉपवर पिवळा त्रिकोण येतो, आत जाऊन आयपी बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी आकडा. राउटर बंद करून चालू केला की तासभर बरं चालतं, मग कुणाच्या तरी लॅपटॉपवर आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज येतो आणि पुन्हा तेच.

मी केलेले उद्योग सांगते. आधी नेटवाल्याला फोन केला, तो म्हणाला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्या, महिन्याला वेगळे पैसे पडतील. घेतला. काडीचा फरक नाही पडला. मग मी वहीत ८४ आयपी लिहिले, खुर्ची नंबर १ ला १९२.१६८.०.१०१, २ ला १०२ असं करत प्रत्येकाला फोनमध्ये हाताने टाकायला लावले. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी एका मुलाने चुकून आयपीच्या रकान्यात १९२.१६८.०.१ टाकलं आणि पूर्ण अभ्यासिकेचं नेट गेलं, नेमकी एका फॉर्मची शेवटची तारीख होती, मुलं फोनचा हॉटस्पॉट एकमेकांना देऊन फॉर्म भरत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं. एका मुलीचा लॅपटॉप तर घरी गेल्यावर घरच्या वायफायला लागेना. मग ते सोडून प्रत्येकाचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) फोनच्या सेटिंगमधल्या अबाउटमधून लिहून घेतला आणि राउटरमध्ये एकेक करून आयपी रिझर्व केला, दोन रात्री बसून ५३ नोंदी केल्या, त्यातल्या बहुतेकांना तो आयपी मिळालाच नाही, वेगळाच मिळाला.

२०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे, खाली मेन राउटर आणि वरच्या मजल्यावर दुसरा. प्रत्येकाला एकच कायमचा आयपी द्यायची पक्की पद्धत सांगा. दुसरं कारण असं की कोण किती डाउनलोड करतंय ते मला कळायला हवं, एक जण सिनेमा उतरवत बसला की बाकी सगळ्यांचे लेक्चर अडकतात.

सातपूर_केबलिंग

ताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी हव्यात. मेन राउटरच्या डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर सुरुवातीचा आयपी, शेवटचा आयपी आणि लीज टाइम (दिलेला आयपी किती वेळ राखून ठेवायचा) काय आहे. वरचा राउटर केबलने कुठल्या पोर्टला जोडलाय, वॅनला (बाहेरच्या नेटच्या) की लॅनला (आतल्या नेटवर्कच्या), आणि त्याचं डीएचसीपी चालू आहे का बंद. आणि दोन्ही मजल्यांच्या वायफायचं नाव एकच आहे की वेगळं. शक्य झालं तर दुपारी पावणेदोनला क्लायंट लिस्ट (जोडलेल्या यंत्रांची यादी) उघडून किती नोंदी आहेत ते मोजा, आणि त्याच वेळी समोर किती डोकी बसलीत तेही मोजा.

अभ्यासिकावाली

सुरुवात १९२.१६८.०.१००, शेवट १९२.१६८.०.१९९, लीज १४४० मिनिटं. वरचा राउटर लॅन टू लॅन आहे, डीएचसीपी बंद आहे, बसवणाऱ्यानेच बंद केलं होतं. नावं वेगळी, अभ्यासिका खाली आणि अभ्यासिका वर. आज १:४५ ला यादीत बरोबर १०० नोंदी होत्या. माणसं मोजली तर ५७. काही फोन यादीत दोनदोनदा दिसतायत, एकाच मॉडेलचं नाव पण मॅक वेगळा.

सातपूर_केबलिंग

बस, मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. मी बारा वर्षं हेच काम करतो, सातपूर-अंबडच्या कंपन्यांपासून गंगापूर रोडच्या क्लासेसपर्यंत, आणि हा आजार बाहेरगावहून येणाऱ्या माणसांच्या प्रत्येक जागेत बघितलाय.

तुमच्या राउटरकडे वाटायला १०० च पत्ते आहेत आणि एकदा दिलेला पत्ता तो १४४० मिनिटं म्हणजे पूर्ण २४ तास त्या फोनच्या नावावर धरून ठेवतो. डीएचसीपी म्हणजे काय तर फोन आल्या आल्या ओरडतो की इथे पत्ता देणारं कुणी आहे का, राउटर म्हणतो हा घे, फोन म्हणतो बरं हाच घेतो, राउटर म्हणतो पक्का, अमुक वेळेपर्यंत तुझा. आता सकाळी ६ ला मुलगा आला, पत्ता घेतला. फोनचा नियम असा की मुदतीचा अर्धा वेळ झाला की तो पत्ता वाढवून मागतो, म्हणजे २४ तासांच्या लीजला संध्याकाळी ६ ला. पण मुलगा तर २ ला निघून गेला. जाताना फोन काही पत्ता परत करत नाही, रेंजबाहेर जातो इतकंच, आणि राउटरला ते कळायचा मार्ग नाही. तो पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत अडकला. तुमच्या लॉकरची चावी मुलाने खिशात घालून खोलीवर नेली तर लॉकर रिकामा असून दुसऱ्याला देता येत नाही ना, तसंच. आणि सकाळी ६ ला कालचे पत्ते मोकळे व्हायला लागतात म्हणून सकाळची बॅच तुम्हाला निवांत दिसते. सकाळची बॅच फोन आणि टॅब मिळून सगळे १०० घेऊन जाते, दोनच्या बॅचला उरतं काय? मग विंडोज स्वतःच्या मनाने १६९.२५४ चा पत्ता लावतं. तो आकडा दिसला की समजायचं आपल्याला पत्ता देणाऱ्याने उत्तरच दिलं नाही.

रिस्टार्टनंतर तासभर चालतं त्याचंही कारण हेच आहे. घरगुती राउटरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही यादी रॅममध्येच असते, बंद केला की कोरी. मग तो पुन्हा पहिल्यापासून वाटायला लागतो, पण आत बसलेल्यांपैकी काहींच्या लॅपटॉपमध्ये तुम्ही वहीतून दिलेला तोच पत्ता हाताने लिहिलेला आहे, राउटरच्या यादीत तो नाही, एकच पत्ता दोघांकडे गेला की कॉन्फ्लिक्ट. तुम्ही हाताने दिलेले १०१, १०२ हे वाटपाच्या रेंजच्या आतलेच होते, तिथेच मुख्य चूक झाली.

आता करायचं काय. रात्री १० नंतर सगळे गेले की लॉगिन करा. रेंज बदलून १९२.१६८.०.२० ते १९२.१६८.०.२५० करा, म्हणजे १०० चे २३१ पत्ते झाले. २ ते १९ मोकळे सोडा, त्यात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), प्रिंटर, हजेरीचं मशीन, वरचा राउटर यांना हाताने पक्के पत्ते द्या, त्यांची जागा कधी बदलत नाही आणि त्यांना शोधावं लागतं म्हणून त्यांना कायमचा पत्ता योग्य आहे. लीज १४४० ची १२० करा. मग फोन दर तासाला पत्ता वाढवून घेईल आणि २ ला गेलेल्याचा पत्ता ४ च्या आत मोकळा होईल. फार कमीही करू नका, पाच-दहा मिनिटं ठेवली तर सगळे फोन सारखे वाढवून मागत बसतात आणि वायफायवर उगाच गर्दी. आधी दिलेले पत्ते जुन्या २४ तासांच्या बोलीवरच असतात हे लक्षात ठेवा, म्हणून बदल केल्यावर राउटर एकदा रिस्टार्ट करा, रात्री आत कुणी नाही तर भांडण होणार नाही. तुमच्या त्या ५३ नोंदी काढून टाका. आणि ज्या मुलांच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये हाताने आयपी टाकलाय त्यांना तो परत ऑटोमॅटिकवर न्यायला लावा, एकही ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं, अर्ध्या जागांवर माणसं इथेच आळस करतात आणि मग महिन्याने मला फोन येतो.

त्या मुलीचा लॅपटॉप घरी चालला नाही कारण कंट्रोल पॅनलमधून अडॅप्टरला आयपी टाकला की तो सगळीकडे तसाच राहतो, मग ते वायफाय तुमचं असो की घरचं. आणि ०.१ टाकणाऱ्या मुलावर रागवू नका. ०.१ म्हणजे तुमच्या राउटरचाच पत्ता, बाहेर जायचं दार. दोघांनी मीच दार म्हणून सांगितल्यावर बाकीच्यांचा डेटा त्या मुलाच्या फोनकडे जायला लागला. हाताने टाइप करायला लावलं की हे कधीतरी होतंच.

नेटवाल्याने दिलेला स्टॅटिक आयपी वेगळी गोष्ट आहे, तो तुमच्या लाइनचा बाहेरचा पत्ता. घरून डीव्हीआर बघायचा असेल, ऑफिसचा सर्व्हर बाहेरून उघडायचा असेल तर त्याचा उपयोग. आतल्या मुलांना पत्ता मिळण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते पैसे बंद करा.

मॅक_वाचणारा

सातपूरवाल्या दादांनी मुख्य काम केलंच आहे, मी फक्त मॅक रिझर्वेशन का फसलं ते सांगतो कारण ताईंनी दोन रात्री जागून जे केलं ते चुकीचं नव्हतं, दहा वर्षांपूर्वी ते चाललंही असतं.

२०१९ ला आलेल्या अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला स्वतःचा खरा मॅक दाखवत नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट मॅक तयार करतात. आयफोनने तेच २०२० ला आयओएस १४ मध्ये आणलं. कारण चांगलं आहे, मॉलमध्ये, स्टेशनवर, दुकानात तुमच्या फोनच्या मॅकवरून तुम्ही कुठे कुठे फिरलात हे कुणीही जोडू शकत होतं. पण त्यामुळे अबाउटमध्ये लिहिलेला मॅक एक आणि राउटरला दिसणारा दुसरा. तुम्ही अबाउटमधला लिहिला.

ओळखायची सोपी खूण सांगतो, क्लायंट लिस्टमध्ये मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट आहे. तुमच्या यादीत नव्वद टक्के तसेच दिसतील.

आता यादीत एक फोन दोनदा का. बनावट मॅक हा वायफायच्या नावाप्रमाणे बनतो. तुमची नावं दोन, खाली आणि वर. मुलगा खाली बसून फोन लावतो, मग वर जागा मिळाली की वर जातो, तिथे दुसरं नाव, म्हणून फोन दुसरा मॅक घेऊन येतो, आणि पत्ते वाटणारा राउटर एकच असल्यामुळे त्याच्या हिशोबाने हा नवीन पाहुणा. एका फोनने दोन पत्ते खाल्ले, तेही २४-२४ तासांसाठी. ५७ माणसांत १०० नोंदी अशाच झाल्या, थोडे टॅब-लॅपटॉप आणि बाकी ही दुहेरी नावं. दोन्ही मजल्यांना एकच नाव, एकच पासवर्ड, सुरक्षेचा प्रकारही एकच ठेवा. मग फोन वर-खाली गेला तरी तोच मॅक, तोच पत्ता, आणि मुलांना हाताने नेटवर्क बदलावं लागत नाही. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर खाली चॅनल १ आणि वर ६ किंवा ११ ठेवा, एकाच चॅनलवर दोन्ही बोलले तर एकमेकांच्या बोलण्यात अडथळा.

कॉम्प्युटर_लॅब

मला थोडं वेगळं वाटतं. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये ४० कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांना स्टॅटिक आयपी दिलेत, कॉम्प्युटरवर नंबर चिकटवलाय आणि आयपीचा शेवटचा आकडाही तोच. सहा वर्षांत एकदाही त्रास नाही. शिस्त लावली तर स्टॅटिक चांगलंच चालतं, ताईंची पद्धत अगदी टाकाऊ म्हणू नका.

सातपूर_केबलिंग

सर, तुमच्या लॅबला ते बरोबरच आहे. ते ४० कॉम्प्युटर शाळेचे आहेत, रात्री तिथेच राहतात, सेटिंगला मुलं हात लावू शकत नाहीत. ताईंकडे यंत्र मुलाचं, ते दिवसातून चार ठिकाणच्या वायफायला लागतं, महिन्याला दहा मुलं सोडून जातात, दहा नवीन येतात, कुणी फोन बदलतो. तिथे वही कोण सांभाळणार? जे यंत्र आपलं आहे आणि हलत नाही त्याला स्टॅटिक, जे पाहुणं आहे त्याला डीएचसीपी. मी कंपनीतही असंच करतो, मशीनच्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला), प्रिंटरला पक्का आयपी आणि माणसांच्या फोनला वेगळं पाहुण्यांचं वायफाय.

पंचवटी_लॉज

चांगला विषय निघाला म्हणून मधेच विचारतो. रामकुंडाजवळ आमचं लॉज आहे, २२ खोल्या. एरवी काही वाटत नाही पण पर्वणीला, श्रावणात, सुट्ट्यांत एका खोलीत सहा सहा माणसं आणि शिवाय नुसतं आंघोळीपुरतं दोन तास खोली घेणारेही असतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्या वेळी काय होईल याची आत्तापासून काळजी आहे. मी डोकं लढवून सबनेट मास्क (आतलं नेटवर्क किती पत्त्यांचं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५४.० केला होता म्हणजे पत्ते दुप्पट होतील, तर सगळं लॉजच बंद पडलं, परत जुनं केलं.

सातपूर_केबलिंग

काका, विचार बरोबर होता. तो मास्क केला की २५४ चे ५१० पत्ते होतात. पण तुमचा राउटर १९२.१६८.०.१ वर असणार आणि फायबरचा डबा, ज्यात नेटवाल्याची काच येते तो, बहुतेक १९२.१६८.१.१ वर. नवीन मास्कने ०.१ पासून १.२५४ पर्यंत सगळं आतलं घर झालं, आणि फायबरचा डबा तर बाहेरच्या बाजूला आहे पण पत्ता आतला दिसतोय, राउटर गोंधळला. आतलं नेटवर्कच लांब न्या, उदाहरणार्थ १९२.१६८.२०.१ आणि मास्क तोच, मग तुम्हाला २०.१ ते २१.२५४ मिळेल. या मास्कला सुरुवात सम आकड्यावरच होते, २१ पासून सुरू करायला गेलात तर चालणार नाही. लीज तुमच्याकडे तासाभराची करा, कारण आंघोळीला आलेला माणूस दोन तासांत जातो.

पण पत्ते वाढवले म्हणजे झालं असं समजू नका. घरगुती राउटरला एका वेळी तीस-चाळीस फोन झाले की धाप लागते, पत्ता असतो पण पान उघडत नाही. प्रत्येक मजल्यावर वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), केबल ओढून, आणि त्यात क्लायंट आयसोलेशन चालू, म्हणजे एका खोलीतला पाहुणा दुसऱ्या खोलीतल्याचा फोन बघू शकत नाही. लॉजला हे मी सक्तीचंच समजतो, घरातल्या बायामाणसांचे फोन असतात.

मखमलाबाद_लॉन्स

माझा अनुभव सांगते, कुणाच्या उपयोगी पडला तर. आमचं लग्नाचं लॉन आहे. मागच्या सीझनला एका लग्नात परदेशातल्या नातेवाइकांसाठी लाइव्ह ठेवलं होतं आणि मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी ऑफिसचं, काउंटरचं, सगळ्यांचं नेट गेलं. फोनला आयपी मिळत होता, पण नेट नाही. शेवटी आमच्या मुलाने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फोनचा गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) शेजारी शेजारी ठेवून बघितला, एकाचा १९२.१६८.०.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.१. म्हणजे पत्ते वाटणारे दोन झाले होते. स्टेजमागे जाऊन बघितलं तर शूटिंगवाल्यांनी स्वतःचा राउटर आणला होता आणि आमच्या स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टला लावली होती, त्यांच्या राउटरला नेटच नव्हतं पण तो बिचारा सगळ्यांना पत्ते वाटत होता, आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता फोन घेतो. केबल काढली, दोन मिनिटांत सुरू. लाइव्ह अंतरपाटाआधी लागलं, नवरीच्या आजींना अमेरिकेतल्या नातवाने मंगलाष्टकं ऐकताना बघितलं, एवढं साधलं.

तेव्हापासून स्टेजमागच्या पोर्टला कुलूपाची पेटी लावलीये. तेव्हा ताई, वरच्या मजल्यावर कुणी स्वतःचा राउटर आणून लावत नाही ना तेही बघा.

सातपूर_केबलिंग

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच असेल तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग म्हणून सोय असते, कुठल्या पोर्टवरून पत्ते वाटायची परवानगी आहे ते सांगायचं, बाकीच्या पोर्टवरून कुणी वाटायला लागला तर स्विच ते अडवतो. पण कुलूपाची पेटी उत्तम.

मॅक_वाचणारा

ताईंचा दुसरा प्रश्न राहिला, कोण किती वापरतंय. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ताई, तुम्ही आयपीवरून माणूस ओळखायला बघताय, ते आता होणार नाही. आयपी फोनला मिळतो आणि फोन मॅक बदलतो, आयओएस १८ मध्ये तर प्रायव्हेट ॲड्रेसला फिक्स्ड आणि रोटेटिंग असे पर्याय आलेत, रोटेटिंगवर असला की मॅक अधूनमधून आपोआप बदलतो. बिनपासवर्डच्या वायफायला तोच पर्याय आपसूक लागतो, म्हणून पासवर्ड ठेवाच. माणूस ओळखायचा तर त्याला लॉगिन द्या. मायक्रोटिक कंपनीचा छोटा राउटर घ्या, त्यात हॉटस्पॉट नावाची सोय आहे. मुलगा वायफायला लागतो, पत्ता सगळ्यांसारखाच वाटपाच्या रेंजमधून मिळतो, पण पान उघडायला गेला की आधी लॉगिनचं पान येतं, तिथे त्याचा प्रवेश नंबर आणि पासवर्ड. प्रोफाइलमध्ये शेअर्ड युजर्स २ ठेवा, म्हणजे एका नावावर एक फोन आणि एक लॅपटॉप, मित्राला पासवर्ड दिला तर तिसरा आत येत नाही. रेट लिमिट ४ एमबीपीएस टाका, एका लेक्चरला तेवढं भरपूर होतं, आणि सिनेमा उतरवणारा कितीही उतरवू दे बाकीच्यांना धक्का नाही. तुम्हाला कुणाला रागवायची वेळ येणार नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, हे फक्त स्पीडसाठी करू नका. आयपीव्ही४ चे (१९२.१६८.०.१ सारखे चार आकड्यांचे) नवीन पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेकडचा साठा फेब्रुवारी २०११ ला संपला, आपल्या आशिया भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटचा गठ्ठा उरला. म्हणून बऱ्याच ठिकाणी नेटवाले एका बाहेरच्या पत्त्यामागे कितीतरी घरं ठेवतात, तुमच्या राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्ही त्यात आहात. उद्या कुणी तुमच्या वायफायवरून काही गैर केलं, कुणाला धमकी पाठवली, कुणाच्या खात्यातून पैसे काढले, तर पोलीस नेटवाल्याकडे जातील, नेटवाला त्याच्या नोंदीतून कनेक्शन कुणाचं ते सांगेल, आणि ते तुमच्या नावाचं आहे. त्याच्या पुढे आतला मुलगा कोण हे फक्त तुमच्या नोंदीतून कळू शकतं. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, सर्ट-इनचे, एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यात सर्व्हिस प्रोव्हायडर, कंपन्या वगैरेंना लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवायला सांगितलंय. तोच आकडा धरून चाला, लॉगिन, पत्ता, मॅक, वेळ एवढंच ठेवा. मुलं काय बघतात त्याच्या खोलात शिरू नका, त्याची गरज नाही आणि ते बरोबरही नाही.

मुलांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, कागदावर लिहून भिंतीला लावा.

इंदिरानगर_देवा

आयपीव्ही६ (आयपीचा नवा, लांब पत्त्यांचा प्रकार) का नाही कुणी सांगत, त्यात पत्ते संपायचा प्रश्नच नाही, एका घराला मिळणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्यात २ चा ६४ वा घात एवढे पत्ते असतात. मोबाईलच्या सिमवर तर आपण कधीपासून तेच वापरतोय. नेटवाल्याला विचारून राउटरमध्ये चालू करा ना.

मॅक_वाचणारा

भाऊ, नेटवाला देत असेल तर चालू करावंच, मीही घरी केलंय. पण दोन गोष्टी. एक, अजून कितीतरी साइट फक्त आयपीव्ही४ वर आहेत, म्हणून वरचा डीएचसीपीचा हिशोब सुटत नाही. दोन, आयपीव्ही६ मध्ये फोन राउटरकडून फक्त पुढचा भाग घेतो आणि मागचा भाग स्वतः बनवतो, अँड्रॉइड तर डीएचसीपीव्ही६ कडून पत्ता घेतच नाही, आणि हे पत्ते तात्पुरते असतात, फोन ते बदलत राहतो. त्यामुळे ताईंना जे हवंय, पत्त्यावरून मुलगा ओळखणं, ते तिथे आणखी अवघड. लॉगिन तिथेही लागेलच.

अभ्यासिकावाली

नऊ दिवस झाले, सांगायला आले. सगळ्यांचे खूप आभार, खरंच.

त्याच रात्री रेंज २० ते २५० केली, लीज १२०, दोन्ही मजल्यांना एकच नाव. ५३ नोंदी काढताना हात जरा थांबला पण काढल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅचला दारात उभं राहून एकेकाचा फोन ऑटोमॅटिकवर नेला, एकूण ६१ फोन आणि १९ लॅपटॉप हाताने टाकलेल्या आयपीवर निघाले, काहींना तर आठवतही नव्हतं. डीव्हीआर १०, प्रिंटर ११, वरचा राउटर २.

दुपारी २:२० ला यादी उघडली तर ११८ नोंदी. म्हणजे जुन्या १०० मध्ये हे बसणारच नव्हतं. ४:१५ ला परत बघितली तर ७४, सकाळचे निघून गेलेले मोकळे झाले होते, ते आकडे उतरताना बघून फार बरं वाटलं. नऊ दिवसांत एकदाही राउटर बंद करावा लागला नाही. पेठच्या एका मुलीचं लेक्चर रोज साडेतीनला असतं, ती आधी त्यासाठी जिन्यात जाऊन स्वतःच्या डेटावर बघायची, आता खुर्चीवर बसून बघते.

नेटवाल्याचा स्टॅटिक आयपी बंद केला. त्यांनी दोनदा विचारलं का बंद करताय, मी कारण सांगितलं.

मायक्रोटिक परवा आला. सातपूरचे दादा येऊन बसवून देतो म्हणालेत, रविवारी दुपारी, कारण रविवारी एकच बॅच असते. प्रवेश नंबर हेच लॉगिन नाव ठेवतेय. एक विचारायचं राहिलं, १८० दिवसांचा लॉग राउटरमध्येच मावतो का?

सातपूर_केबलिंग

नाही मावत ताई, राउटरमधला लॉग रॅममध्ये असतो, जुनं पुसून नवीन लिहितो आणि लाइट गेली की सगळाच जातो. काउंटरचा कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो ना, त्यावर सिसलॉग (राउटरच्या नोंदी साठवणारा प्रोग्राम) लावून टाकू, राउटर तिकडे पाठवत राहील. त्या कॉम्प्युटरलाही पक्का पत्ता लागेल, १२ मोकळा ठेवा. आणि राउटरचं घड्याळ इंटरनेटवरून बरोबर लावून घेऊ, वेळ चुकली तर त्या लॉगचा काही उपयोग नाही. रविवारी एक वाजता येतो, वरच्या मजल्याची शिडी काढून ठेवा.